उजवीकडच्या पाकळ्या

“बाय, बारक्या पोराची आवस कोणाच्याच बाजूची नसता. मी पण नसतंय. तेवढा ध्यानात ठेवा.”

आवस म्हणजे आई. तुळसा हे मला आमच्या पडवीत बसून म्हणाली होती. १९५८ चा शिमगा नुकता झाला होता. ती माडाच्या हिरांच्या केरसुण्या विकायला आली होती आणि मी तिला हाताला धरून पडवीत बसवलं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असं. आदल्या दिवशी तिच्या वाडीतल्या सभेत मी बोलून आले होते. “ओतलेलं पाणी घेऊ नका. दोर तुमचा, कळशी तुमची, हात तुमचा,” असं म्हणाले होते आणि टाळ्या पडल्या होत्या. कोल्हापुरात इंटरपर्यंत शिकलेली, वक्तृत्वाची ढाल मिळवलेली मी. टाळ्या माझ्या अंगात लवकर भिनतात. तुळसेचं बोलणं मला अडाणीपणाचं वाटलं.

“असा म्हणान कसा चलात? पोरांसाठीच तर ह्या सगळा,” मी म्हटलं.

केरसुणीची गाठ आवळत ती म्हणाली, “तुमी शिकलेल्या. तुमका म्हायत.” तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

आमचं घर गुरवाचं. मालवणच्या दक्षिणेला खाडीकाठी आमचं गाव आहे, तिथल्या रवळनाथाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. सासरे भिकाजी, त्यांना मी मामंजी म्हणते, आणि यजमान सत्यवान. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. देवळाच्या आवारात एक विहीर आहे, तिला देवाची बाव म्हणतात. वैशाखात गावातल्या बाकीच्या विहिरी तळाला जातात तेव्हाही तिच्यात दोन पुरुष पाणी असतं. तुळसेच्या वाडीला, जिला गाव तेव्हा महारवाडा म्हणे, या बावीवर यायला मनाई होती. त्यांनी आवाराच्या गडग्याबाहेर, दगडी कुंपणाच्या पलीकडे, कळश्या मांडून उभं राहायचं आणि आतून कोणी ओतलं तर घ्यायचं. नाहीतर खाडीजवळ खणलेला एक खड्डा होता, त्यात भरतीला खारं पाणी शिरायचं.

त्या सभेच्या आदल्या वर्षी वाडीनं बुद्धाची दीक्षा घेतली. तुळसेची मुलगी सुजाता ही दीक्षेनंतर वाडीत जन्मलेली पहिली मुलगी. माझा विनू आणि ती एकाच आठवड्यातली, आषाढातली. तुळसेचा नवरा मुंबईला गिरणीत होता. त्याला पाठवायची पत्रं ती माझ्या यजमानांकडून लिहून घेई, म्हणून तिचं आमच्याकडे येणं-जाणं.

मग वाडीनं ठराव केला: यापुढे ओतलेलं पाणी बंद, देवाच्या बावीवर आपण आपल्या हातानं पाणी काढायचं. अख्ख्या गावात त्यांच्या बाजूनं एकच घर उभं राहिलं, ते पुजाऱ्याचं. लोकांना तेच जास्त झोंबलं. कोणी मामंजींना विचारलं, देव विटाळलो तर? मामंजी म्हणाले, “देवाक रोज न्हाणी मी घालतंय. तेका कित्याचो इटाळ होता नि कित्याचो होना नाय, ता माका म्हायत.” माझ्या यजमानांचं बोलणं कायद्याचं होतं, मामंजींचं देवाचं आणि माझं टाळ्यांचं. असे आम्ही तिघे.

त्याच सुमारास यजमानांनी वर्तमानपत्रातली एक बातमी मला वाचून दाखवली. अमेरिकेत कुणा गोऱ्या पाद्र्याच्या घरावर त्याच्याच जातवाल्यांनी दगडफेक केली होती, काळ्या लोकांच्या बाजूनं उभा राहिला म्हणून.

“बघ विमला, इतक्या लांब, पण आमच्यासारखोच,” ते खूश होऊन म्हणाले.

“तेका बायको-पोरां आसत काय? छापलाहा?” मी विचारलं.

त्यांनी कागद उलटसुलट केला. छापलं नव्हतं.

चैत्रात गावानं आम्हाला वाळीत टाकलं. दगड-बिगड काही नाही. कोणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही. न्हावी यायचा थांबला, खाडीवरचा होडीवाला आम्हाला बघून होडी सोडू लागला, आणि शेजारच्या नर्मदाकाकीकडून येणारा दुधाचा तांब्या बंद झाला. बाळंतपणानंतरच्या तापात माझं अंगावरचं दूध आटलं होतं. विनू काकीच्या गाईवर वाढत होता. “माझी गाय आटली गो,” काकी परसातूनच म्हणाली, आणि तिच्या मागे नुकतीच धार काढलेल्या गाईचं आचळ वासरू चाटत होतं. यजमान पहाटे उठून दूरच्या गावातून चालत दूध आणत, तर ते घरी पोचेपर्यंत फाटलेलं असे. मी विनूला पेजेच्या वरचं पाणी पाजू लागले. त्याला ते सोसेना. दिवसातून सात-आठ वेळा लंगोट बदलावा लागे. त्याच्या मांड्यांची कातडी सैल झाली, टाळू खोल गेली. मी दर तासाला बोटानं टाळू चाचपून बघायची. यजमान वाडीतल्या सभेचं काही सांगू लागले की मी ‘हो’ म्हणायची आणि माझं बोट टाळूवर असायचं.

वैशाखाच्या सुरुवातीला बाळा मानकरी आमच्या अंगणात आले. गावचे पहिले मान त्यांचे. पडवीवर चढले नाहीत, उभ्यानंच बोलले.

“गुरवानू, तुमची सून कॉलेजात शिकली ता आमका म्हायत आसा. पण देव काय कॉलेजात गेल्लो नाय. तेका तरी विचारा.”

“काय विचारू?” मामंजी म्हणाले.

“बाव मोकळी करूची की नाय. कौल लावा. उजवो दिलो तर आमची हरकत नाय, वाडी येऊंदे बावीर. डावो दिलो तर तुमच्या घरान ह्या सोडायचा. आणि काय झाला तरी कौलाच्या दिवसापासून तुमचा वाळीत संपला.”

यजमान आतून बाहेर आले. “हक्काच्या गोष्टीक कौल कसलो? कायदो होऊन तीन वर्सां झाली.”

“मगे कायद्याक सांगा तुमच्याकडे दूध घालूक,” बाळा मानकरी म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

मामंजींनी मुलाला हातानं थांबवलं. “लावतंय कौल. देव उजवोच देतलो.” त्यांचा तो विश्वास खरा होता. चाळीस वर्षं ते त्या मूर्तीला पाण्यानं, तेलानं, चंदनानं चोळत आले होते. ती काय बोलेल हे त्यांना ठाऊक आहे असंच त्यांना वाटे. ते स्वतः वाडीत जाऊन सांगून आले. तिथली तरुण मुलं म्हणाली, तो देव आम्ही सोडला, त्याचा कौल आम्हाला कशाला? पण म्हाताऱ्यांनी मामंजींचा शब्द मानला. भिकाजी गुरव म्हणतात तर उजवाच मिळेल.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या मूर्तीवर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून थांबतात. उजव्या अंगाची पाकळी आधी गळली तर देवाचा होकार, डावीकडची गळली तर नकार. असं तीनदा करतात. आमच्या देवाला तगरीच्या पाकळ्या लागतात. त्या पहाटे खुडून, पाण्यात भिजवून, फणसाच्या पानाच्या दोन द्रोणांत भरायचं काम घरातल्या बाईचं. उजव्या अंगाच्या द्रोणाला मी देठ ठेवायची, म्हणजे मामंजींना गाभाऱ्यातल्या अंधुक उजेडात हातानं कळे. लग्न झाल्यापासून हे काम माझं होतं.

कौलाच्या आदल्या दुपारी नर्मदाकाकी परसदारी आली. विनूकडे बघून तिचे डोळे भरले, ते खोटे नव्हते.

“उद्या कौल डावो लागलो तर सांजेक धार काढून घेऊन येतंय,” ती म्हणाली.

“आणि उजवो लागलो तर? मानकरी म्हणालेत, काय झाला तरी वाळीत संपला.”

“मानकरी म्हणतले गो. पण माझ्या घोवाक तू ओळखतंस. वाडी बावीर चढली तर तो माका तुमच्या गडग्याकडेन उभो रवाक देवचो नाय.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “माझ्या हातात काय नाय, विमला.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी न्हाऊन पाकळ्या खुडल्या. दोन द्रोण भरले. चुलीवर विनूची पेज होती, वरचं पाणी मी वाटीत काढून ठेवलं होतं. गार होताना त्यावर खळीसारखी चिकट साय धरली होती. मी वाटी उचलली आणि देठवाल्या द्रोणात ओतली. हे लिहिताना मला म्हणावंसं वाटतं की माझा हात कापला, किंवा मला काही सुचत नव्हतं. तसं नव्हतं. मी पाकळ्या बोटानं हलवून बघितल्या, सगळ्यांना पेज लागली ना ते पाहिलं, वरचं जास्तीचं पाणी निथळून टाकलं म्हणजे द्रोण वेगळा दिसू नये. वाटी घासून पालथी घातली. मग विनूची टाळू बघितली.

देवळासमोर सगळा गाव जमला होता. गडग्याबाहेर वाडीतली माणसं उभी होती. तुळसा पुढेच होती, सुजाता कडेवर. तिनं नवी कळशी आणली होती, गळ्याला नवा काथ्याचा दोर गुंडाळलेला. इतक्या लांबूनही त्या दोराचा पिवळेपणा डोळ्यांत भरत होता.

मामंजींनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा रवळनाथा, म्हाराजा. हयसर तुझी बाव आसा. ही तुझीच लेकरां तहानलेली आसत. तेंका तुझ्या बावीचा पाणी तेंच्या हातान भरूक तुझी मर्जी आसात तर उजवो दी, म्हाराजा.” गावानं “व्हय म्हाराजा” म्हटलं. काहींनी नुसते ओठ हलवले.

डावीकडची पाकळी गळली. मामंजींनी पुन्हा लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. डावीकडची गळली. उजवीकडच्या पाकळ्या दगडाला अशा बसल्या होत्या की जणू कोरल्या आहेत.

तिसऱ्यांदा पाकळी लावताना मामंजी थांबले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लावून सुटी केली. पुन्हा लावली, पुन्हा सुटी केली. मग हळूच मागं वळून सभामंडपातल्या बायकांच्या बाजूला बघितलं. मी विनूला घेऊन खांबाला टेकले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग विनूकडे. त्यांनी तिथं एक शब्द बोलायचा होता. ते पुजारी होते, ‘पाकळ्या बदलून आणा’ एवढंच म्हणायचं होतं.

ते वळले आणि तिसरी पाकळी लावली. तीही तशीच. डावा.

बाळा मानकरी म्हणाले, “देवान सांगितल्यान. आता कोणी कोणाक काय बोलूचा नाय.” विजयाचा सूरसुद्धा नव्हता. गडग्याबाहेरची माणसं जायला वळली. वाडीतली म्हातारी माणसं मान खाली घालून चालत होती, आपल्याच हातून काही चुकल्यासारखी.

संध्याकाळी नर्मदाकाकी दूध घेऊन आली. विनू इतकं प्यायला की मध्येच झोपला. मी त्याच्या तोंडावरचं दूध पुसत होते तेव्हा मामंजी दारात येऊन उभे राहिले.

“पोराक दूध इला?”

“होय.”

“मगे बरा,” ते म्हणाले आणि गेले. पुढची सहा वर्षं ते जिवंत होते. पूजा करत होते, पण कौल त्यांनी पुन्हा लावला नाही. हात कापतो असं गावाला सांगत.

यजमान मात्र स्वस्थ बसले नाहीत. वाडीतल्या दोघांना घेऊन मालवणला कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, “तुमच्याच वडिलांनी कौल लावला, देव नाही म्हणाला, गाव काही म्हणालंच नाही. मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू? देवाविरुद्ध?” ते घरी आले आणि जेवले नाहीत. मी ताट वाढून समोर बसले होते. तेव्हाही सांगता आलं असतं.

वाडीनं ओतलेलं पाणी घेणं बंदच ठेवलं. खाडीजवळच्या खड्ड्यावर दिवस काढू लागली. वैशाखाच्या शेवटाला कानावर आलं की सुजाता आजारी आहे. ताप येतो, डोळे पिवळे झालेत. मी भल्या सकाळी बावीतली कळशी भरून वाडीच्या वाटेला गेले. तुळसा खड्ड्याकडून येताना भेटली.

“ह्या कित्याक?” कळशीकडे बघून ती म्हणाली.

“सुजातासाठी. उकळून पाज तिका. मी ओतून नाय देत, कळशीच ठेव तुझ्याकडे.”

“वाडीत ठराव झालोहा, बाय. तुमीच सांगितलात ना सभेत, दोर आपलो, हात आपलो.” टोमणा नव्हता तो. ती मला माझंच म्हणणं आठवण करून देत होती, मी विसरले असेन म्हणून. मग माझं तोंड बघून तिनंच मला समजावलं. “तुमी जीवाक लावन घेव नकात. तुमच्या घरान आमच्यासाठी काय कमी सोसल्यानी नाय. देवानच नाय म्हटल्यान, तेका तुमी काय करतल्यात?”

मी कळशी घेऊन परत आले. ते पाणी मी परसातल्या अळवाला घातलं.

चार दिवसांनी तुळसा सुजाताला घेऊन नवऱ्याकडे मुंबईला निघाली. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटींपैकी एक होती ती. यजमान पोचवायला बंदरावर गेले. विनूला सर्दी झाल्याचं सांगून मी घरी राहिले. सर्दी नव्हती. परत आल्यावर ते म्हणाले, पोरगी मान धरत नव्हती, डोळे उघडत नव्हती, तुळसा सारखी पदरानं वारा घालत होती. त्यांनी मुंबईच्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. नंतर मी दोन टाकली. दुसरं परत आलं, वर पोस्टाचा शेरा: पत्ता सोडून गेले.

याला सात वर्षं झाली. विनू तिसरीत आहे, अंगानं दणकट आहे. मामंजी गेल्या मार्गशीर्षात गेले. वाडीला सरकारनं कातळावर एक विहीर पाडून दिली, तिला चैत्रापर्यंत पाणी असतं. त्यानंतर अजून तो खड्डा. देवाची बाव त्यांना अजून बंद आहे, आणि कोणी विचारलं तर गाव सांगतं, भिकाजी गुरवांनीच कौल लावला होता, तीनदा डावा.

आता माझ्या मांडीवर मुलगी आहे, दहा महिन्यांची, सुजाता तेव्हा होती तेवढी. गेल्या महिन्यात तिला दोन दिवस जुलाब झाले. मी तिच्या टाळूवर बोट ठेवलं आणि मग मला ते उचलता येईना. त्या दिवशी यजमानांना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाळा मानकऱ्यांकडे मला घेऊन गेले आणि म्हणाले, “सांग.” मी अंगणात उभी राहून सांगितलं, पेजेची वाटी, देठवाला द्रोण, सगळं. मानकरी आता थकलेत. पानाचा विडा लावता लावता त्यांनी ऐकून घेतलं.

“तुझ्या मनात ता कोणी घातल्यान?” ते म्हणाले. “देवानच ना? मगे कौल खरोच.”

येताना वाटेत यजमान म्हणाले, “तुका भाषण करूक येता. आता लिही.” एवढंच. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही आणि विचारायचं धाडस नाही. वाडीतही जाऊन मी सांगितलं. तिथल्या एका तरुण मुलानं विचारलं, “मगे त्या पोरीचा काय झाला?”

तेच विचारायला हे लिहून छापायला पाठवलं आहे. मुंबईत नायगावच्या चाळींकडे तुमच्यापैकी कोणी राहत असेल, किंवा गिरण्यांत कोणी ओळखीचं असेल, तर तुळसा गंगाराम जाधव म्हणून चौकशी करा. मालवणकडची, उंच, सावळी, डाव्या भुवईवर जुनी खूण. केरसुण्या बांधून विकत असेल कदाचित. तिला आठ वर्षांची एक मुलगी असायला हवी, सुजाता नावाची. ती आहे का, शाळेत जाते का, तिला बरं असतं का, एवढं बघून या. तुळसेनं विचारलं कोणी पाठवलं, तर माझं नाव सांगा, आणि पाकळ्यांना पेज मी लावली होती तेही सांगा, म्हणजे तिनं दाराबाहेर काढलं तर का, ते तुम्हाला कळेल. मग मला खाली दिलेल्या गुरववाडीच्या पत्त्यावर दोन ओळींचं कार्ड टाका. मुलगी नसेल, तरीही टाका.